दवबिंदू म्हणजे दवाचा थेंब नव्हे

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयातील पहिली अडचण शास्त्राची नाही, ती भाषेची आहे. ‘दवबिंदू’ हा शब्द आपल्या मराठीत दोन अर्थांनी वावरतो. हिवाळ्यात एखाद्या पहाटे महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठच्या गवतावर पांढरे हिमकण दिसले, की वर्तमानपत्रांत ‘दवबिंदू गोठले’ असा मथळा झळकतो. तेथे दवबिंदू म्हणजे दवाचा थेंब. भूगोलाच्या वा विज्ञानाच्या पुस्तकात मात्र दवबिंदू हे एक तपमान आहे. गोठणबिंदू, उत्कलनबिंदू यांच्याच पंक्तीस बसणारा तो शब्द आहे. उत्कलनबिंदू म्हटल्यावर उकळत्या पाण्याचा थेंब कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. पण दवबिंदू म्हटला की मुलाच्या डोळ्यांपुढे गवताच्या पात्यावरील चकाकता मणी उभा राहतो, आणि ‘दवबिंदू १५ अंश होता’ हे वाक्य त्यास निरर्थक वाटते. म्हणून धडा सुरू करण्यापूर्वी फळ्यावर एवढे लिहावे : येथे बिंदू म्हणजे थेंब नव्हे, तापमापकावरील खूण.

कोणती खूण? हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते, आणि ती डोळ्यांस दिसत नाही. चहाच्या कपावर जे पांढुरके तरंगताना दिसते ते पाण्याचे अतिसूक्ष्म कण होत. खरे बाष्प अदृश्यच असते. दिलेल्या तपमानास ठराविक जागेत हे बाष्प एका मर्यादेपर्यंतच राहू शकते. एक घनमीटर जागेत १० अंश सेल्सियसला सुमारे ९.४ ग्रॅम, २० अंशांस १७.३ ग्रॅम, ३० अंशांस ३०.४ ग्रॅम आणि ४० अंशांस सुमारे ५१ ग्रॅम बाष्प मावते. तपमान दहा अंशांनी वाढले की ही मर्यादा जवळजवळ पावणेदोनपट होते. हवा थंड होत गेली तर उलट घडते. मर्यादा खाली खाली येते, आणि ज्या तपमानास ती हवेतील प्रत्यक्ष बाष्पाइतकी होते तो त्या हवेचा दवबिंदू. त्याखाली तपमान गेले की वरकड बाष्पास पाणी होणे भाग पडते.

‘हवा बाष्प धरून ठेवते’ असे आपण बोलतो ती केवळ बोलण्याची सोय आहे. हवा काही स्पंज नव्हे. तेथे हवा मुळीच नसती तरीही ही मर्यादा जवळजवळ तीच राहिली असती, हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. मुलांस एवढे खोलात नेण्याचे कारण नाही; परंतु एखाद्या चौकस मुलाने ‘हवा धरते म्हणजे कशाने धरते?’ असे विचारले, तर त्यास गप्प बसवू नये.

मुलांना ग्रॅमची कल्पना येत नसल्यास आपल्याच वर्गखोलीचा हिशेब घालावा. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद व तीन मीटर उंच खोलीत १४४ घनमीटर हवा असते. जुलै महिन्यात खोलीतील तपमान ३० अंश व दवबिंदू २५ अंश असेल, तर त्या हवेत सुमारे सव्वातीन लिटर पाणी अदृश्यपणे तरंगत असते. उन्हाळ्यातील कोरड्या दिवशी, तपमान तेच पण दवबिंदू ५ अंश असताना, तेथे लिटरभरही पाणी नसते. सव्वातीन लिटर पाणी बादलीत भरून वर्गात ठेवावे आणि ‘इतके पाणी या क्षणी तुमच्या डोक्याभोवती आहे’ असे सांगावे. मुले तो दिवस विसरत नाहीत.

आता सापेक्ष आर्द्रतेकडे वळू. आकाशवाणीवर, दूरदर्शनवर, मोबाईलवर आपल्या कानी येणारा आकडा हाच असतो, आणि बहुतेक सर्व गोंधळही येथेच होतो. सापेक्ष आर्द्रता हवेत पाणी किती आहे हे सांगत नाही. त्या तपमानास जितके मावू शकते त्याच्या शेकडा किती आहे, एवढेच सांगते. समजा, हवेचा दवबिंदू दिवसभर १५ अंश राहिला. पहाटे तपमान १५ अंश असताना आर्द्रता शंभर टक्के. सकाळी २० अंश झाले की ती सुमारे ७३. दुपारी ३० अंशांस ४०. आणि ३५ अंशांस ३० टक्के. हवेतील पाणी तर तेवढेच आहे. ‘दुपारी हवेतला ओलावा उन्हाने नाहीसा होतो’ असे उत्तर मुले देतात, आणि खेदाची गोष्ट अशी की पुष्कळदा त्यास पूर्ण गुणही मिळतात.

याहून ठसठशीत उदाहरण हवे असेल तर हे पाहा. डिसेंबरात नाशिककडे एखाद्या पहाटे तपमान १० अंश व आर्द्रता ९० टक्के आहे. मे महिन्यात मुंबईस दुपारी तपमान ३३ अंश व आर्द्रता ६५ टक्के आहे. कोठली हवा अधिक ओली? टक्केवारीकडे पाहणारा नाशिक म्हणेल. वस्तुतः नाशिकच्या त्या हवेत घनमीटरमागे साडेआठ ग्रॅम बाष्प आहे, तर मुंबईच्या हवेत २३ ग्रॅम. पहिलीचा दवबिंदू साडेआठ अंशांच्या आसपास, दुसरीचा साडेपंचवीस. टक्के ही तुलना आहे, दवबिंदू हा साठा आहे. हवेतील प्रत्यक्ष पाणी जाणून घ्यावयाचे तर दवबिंदू विचारावा.

हा दवबिंदू मोजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. फ्रान्समधील माँपेल्ये येथील वैद्य शार्ल ल रॉय याने १७५१ साली काचेच्या पेल्यातील पाण्यात बर्फ घालून तो मोजला होता. आपण चकचकीत स्टीलचा पेला घ्यावा. तो बाहेरून कोरडा पुसून अर्धा पाण्याने भरावा. आत तापमापक ठेवून बर्फाचे बारीक तुकडे एकेक टाकावे व चमच्याने हळूहळू ढवळावे. पेल्याची बाहेरील चकाकी ज्या क्षणी मंदावेल त्या क्षणीचे तपमान टिपावे. मग बर्फ टाकणे थांबवावे, आणि पाणी पुन्हा कोमट होऊ लागताना ती अंधुकता ज्या तपमानास नाहीशी होईल तेही टिपावे. दोहोंची सरासरी हा दवबिंदू. दोन गोष्टी सांभाळाव्या. पेल्यावर कोणाचा श्वास पडू देऊ नये, कारण श्वासातील ओलावा निकाल बिघडवितो. मुलांना हातभर दूर उभे करावे. आणि दवाखान्यातला ताप पाहण्याचा तापमापक येथे चालत नाही, तो ३५ अंशांच्या खाली उतरतच नाही. शाळेच्या विज्ञानपेटीतील लांब तापमापकच घ्यावा.

गावात बर्फ मिळत नाही अशी तक्रार येते. मग युरिया घ्या, तो प्रत्येक गावात आहे. दोनशे ग्रॅम पाण्यात शंभर ग्रॅम युरिया ढवळला तर विरघळताना तो पाण्यातील उष्णता ओढून घेतो आणि तपमान पंधरा अंश किंवा त्याहूनही अधिक खाली येते. हा युरिया थोडाथोडा टाकावा, म्हणजे धुरकटपणाचा क्षण निसटत नाही. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतःच्या हाताने करावा, त्या पेल्यातून पुढे कोणी पाणी पिऊ नये, आणि उरलेले द्रावण भरपूर पाण्यात मिसळून शाळेच्या झाडांना द्यावे. पूर्वी हेच काम नवसागराने करीत असत.

पेल्याच्या बाहेर पाणी दिसू लागले की वर्गातून एक उत्तर हमखास येते : ‘गुरुजी, पेला पाझरतो.’ या उत्तरास हसू नये. मुलाने घरी माठ पाहिलेला आहे, आणि माठ खरोखरच पाझरतो. मातीच्या छिद्रांतून आतले पाणी बाहेर येते, तेथे त्याची वाफ होते आणि म्हणून आतील पाणी थंड राहते. स्टीलच्या पेल्यात घडते ते नेमके उलटे : पाणी आधी थंड, आणि म्हणून बाहेर ओल. येथे व्याख्यान देण्यापेक्षा पुरावा द्यावा. पेल्यातील पाण्यात शाई किंवा कुंकू घाला. बाहेरचे थेंब स्वच्छ राहतात. नाजूक तराजू मिळाल्यास बर्फासह बंद डबा तोलून पाहा. अर्ध्या तासाने त्याचे वजन वाढलेले दिसते. पाझरणाऱ्या भांड्याचे वजन वाढेल कसे? हा प्रश्न विचारून तास संपवावा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी मागावे.

दुसरा प्रयोग केवळ पुनरावृत्तीचा आहे, पण मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. एकाच दिवशी सकाळी परिपाठानंतर व दुपारी तीन वाजता दवबिंदू मोजावा. तपमान आठदहा अंशांनी चढलेले असते; दवबिंदू बहुधा दोनतीन अंशांच्या आतच इकडेतिकडे होतो. टक्के धावतात, साठा जवळजवळ जागेवरच असतो. मग जून महिन्यात रोज मोजावा. विदर्भात मे महिन्याच्या कोरड्या दिवसांत १०-१२ अंशांवर असणारा दवबिंदू जुलैत २३-२४ अंशांपर्यंत चढतो, कारण आता समुद्रावरून आलेली हवा वाहू लागलेली असते. पाऊस प्रत्यक्ष पडण्यापूर्वीच त्याची चाहूल पेल्यावर लागते. कोकणातील शाळांना एवढी उडी दिसणार नाही. तेथे वैशाखातच तो २५ अंशांच्या घरात असतो.

एका गैरसमजाचा येथे उल्लेख केला पाहिजे. ओल्या फुग्याचे तपमान म्हणजे दवबिंदू नव्हे. फडके गुंडाळलेला तापमापक फडक्यातील पाण्याची वाफ होऊन थंड होतो, पण तो दवबिंदूपर्यंत उतरत नाही. हवा ३० अंश व दवबिंदू १५ असेल तर ओला फुगा सुमारे २० अंशांवर थांबतो. हवा संपृक्त असेल तेव्हाच तिन्ही आकडे एक होतात.

आता खुद्द दवाकडे येऊ. ‘दव पडते’ असे आपण म्हणतो, पण दव पावसासारखे वरून पडत नाही. लंडनचा एक वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स याने १८१४ साली दवाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने दहा ग्रेन, म्हणजे गुंजेच्या पाचसहा पट वजनाचे, लोकरीचे पुंजके रात्री निरनिराळ्या ठिकाणी ठेवून सकाळी तोलले. फळीच्या वरच्या अंगास ठेवलेला पुंजका खालच्या अंगास बांधलेल्यापेक्षा पुष्कळ अधिक भिजला. त्याने असे दाखविले की आकाशाकडे उघडी असणारी वस्तू रात्री आपली उष्णता आकाशात फेकून भोवतालच्या हवेहूनही थंड होते. तिचे तपमान दवबिंदूखाली गेले की तिच्यावर दव जमते. आधी थंडावा, मग दव. दव पडल्यामुळे गारवा येतो हा समज त्यामुळे खोटा ठरला. उलट बाष्पाचे पाणी होताना थोडी उष्णता बाहेर पडते व पुढचे थंड होणे मंदावते. कोरड्या हवेच्या रात्री अधिक कडाका पडतो त्याचे एक कारण हे आहे.

मुलांना वेल्सचे नाव पाठ नसले तरी चालेल. त्याचे प्रश्न त्यांच्या अंगणात आहेत. आंब्याखालचे गवत कोरडे आणि उघड्यावरचे ओले का? ढगाळ रात्री दव का नाही? वारा सुटला की दव का जमत नाही? उघड्यावर उभ्या केलेल्या मोटारसायकलची बैठक भिजते आणि पडवीतल्या सायकलची का भिजत नाही? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे : वर छत्र असले की उष्णता परत मिळते. तिसऱ्यात हलती हवा पानांना सतत ऊब देत राहते. चौथा प्रश्न मुलांवर सोपवा.

आपल्या पालकांना दवाचे ज्ञान आपल्याहून अधिक आहे, आणि वर्गात त्याचा उपयोग होत नाही ही मला मोठी उणीव वाटते. हरभऱ्याच्या रानात रात्री स्वच्छ धडपे पसरून पहाटे पिळून ‘आंब’ गोळा करण्याची रीत कित्येक घरांत वृद्धांना ठाऊक आहे. हरभऱ्याच्या पानांवरील सूक्ष्म केसांतून निघणारे आम्ल दवात विरघळून त्या कापडात येते. दव जमले नाही तर आंब मिळत नाही. एखाद्या आजीला वर्गात बोलावून हे ऐकावे. ‘शाळू दहिवरावर येतो’ असेही म्हटले जाते. यात थोडे तारतम्य हवे. एका रात्रीचे दव फार झाले तरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी. काळ्या रानातील रब्बीचे पीक मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. दवाने पान सकाळी काही काळ ओले राहते व तेवढा वेळ पिकाचे पाणी कमी उडते, इतकाच त्याचा हातभार.

पण हीच गोष्ट द्राक्षबागेत उलटते. केवडा, ज्यास बागाईतदार ‘डाऊनी’ म्हणतात, त्या रोगाच्या बीजाणूंना पानावर पाण्याचा पापुद्रा लागतो. पाऊस नसला तरी दव तो पुरविते. नाशिक-सांगलीकडील बागाईतदार पान किती वेळ ओले राहिले याची चौकशी करतो ती त्यासाठी. ज्या मुलाच्या घरी बाग आहे त्याने संध्याकाळी सहाला दवबिंदू मोजला, आकाश निरभ्र व वारा पडलेला पाहिला, आणि आदल्या पहाटेचे किमान तपमान दवबिंदूच्या जवळपास होते हे ताडले, तर उद्या पाने भिजणार काय हे तो वडिलांना सांगू शकेल. हवा दवबिंदूच्या एकदोन अंश वर असली तरी पाने हवेहून थंड असतात, म्हणून ती भिजतात. हे ध्यानात ठेवावे.

शेवटचा विषय मुलांच्या जिवाशी निगडित आहे, म्हणून थोडा अधिक वेळ घेतो. आपले शरीर घामाने थंड राहते. म्हणजे घाम आल्याने नव्हे, घाम सुकल्याने. कातडीचे तपमान सुमारे ३५ अंश धरले तर तिला लागून घनमीटरमागे ४० ग्रॅमच्या आसपास बाष्प असते. बाहेरच्या हवेचा दवबिंदू १० अंश असेल तर तेथे ९ ग्रॅम आहे. फरक तीस ग्रॅमचा, घाम भरभर उडतो. दवबिंदू २७ अंश असेल तर बाहेर २५ ग्रॅम आहे. फरक निम्म्यावर आला, आणि घाम सुकण्याऐवजी ओघळू लागतो. ओघळलेला घाम अंगास थंड करीत नाही, फक्त शरीरातील पाणी व मीठ घेऊन जातो. भारतीय हवामान विभागही उष्णतेची लाट ठरविताना मैदानी प्रदेशासाठी किमान ४० अंशांची आणि किनारपट्टीसाठी ३७ अंशांची अट धरतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर भर उन्हात झालेल्या समारंभात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. त्या दिवशी पारा चाळीस अंशांच्या आतच होता. कोरडी उष्णता निरुपद्रवी असते असे मला सुचवावयाचे नाही; नागपूर-चंद्रपूरकडे ४५ अंशांस घाम जाणवण्याआधीच उडून जातो आणि मूल कोरडे दिसत असतानाच त्याच्या शरीरातील पाणी आटलेले असते. सांगावयाचे ते इतकेच, की केवळ पारा पाहून कवायतीचा किंवा शर्यतींचा निर्णय घेऊ नये. दवबिंदू २४ अंशांच्या वर असेल आणि ऊन असेल, तर मैदानावरचा तास सकाळी लवकर उरकावा, मुलांना सावलीत बसवावे व पाणी मागण्याची वाट न पाहता द्यावे.

रोज पेला-बर्फ करणे शक्य नाही हे मान्य आहे. मोबाईलवर तपमान व आर्द्रतेचे टक्के मिळत असतील तर एक सोपा आडाखा वापरावा. आर्द्रता शंभराहून जितकी कमी असेल त्यास पाचाने भागावे, आणि तो आकडा तपमानातून वजा करावा. तपमान ३० अंश व आर्द्रता ७० टक्के असेल, तर शंभरात तीस कमी, तिसास पाचाने भागून सहा, दवबिंदू २४. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असेतोवर हा आडाखा बराच बरोबर येतो. त्याखाली तो फसतो, म्हणून वैशाखातील कोरड्या दुपारी पेल्यावरच भिस्त ठेवावी. फळ्याच्या कोपऱ्यात तारीख व वार यांच्याखाली तपमान आणि दवबिंदू असे दोन आकडे पाचवी-सहावीच्या मुलांनी आळीपाळीने लिहावे. कोकण, घाट आणि पठार येथील शाळांच्या अशा वह्या वर्षअखेर एकमेकींना दाखविता आल्या, तर भूगोलाचा एक चांगला धडा तयार होईल.

टेबलावर पेला, बर्फ व तापमापक मांडून ठेवले आहेत. पंखे बंद करावे आणि पुढील दोन रांगांतील मंडळींनी जवळ यावे. मात्र श्वास जरा दुसरीकडे सोडावा.